रॉजर विल्यम्स : हद्दपार माणसानं वसवलेलं गाव

ओढ्याकाठी

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या राजधानीत, म्हणजे प्रॉव्हिडन्सला, नॉर्थ मेन स्ट्रीटवर एक छोटी बाग आहे. बागेत जुन्या झऱ्याची जागा दाखवून ठेवली आहे. १६३६ साली याच झऱ्याजवळ रॉजर विल्यम्सनं घर बांधलं आणि गाव वसवायला सुरुवात केली. कामावर जाता-येता माझी वाट तिथूनच असते. इतकी वर्षं इथं राहूनही मला एवढंच माहीत होतं, की कुणी एक पाद्री होता आणि त्यानं सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य दिलं. मागचा हिवाळाभर त्याची पत्रं वाचली. आता हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून धागा काढतेय.

अमेरिकेचे संस्थापक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन येतात. हा त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीचा. जन्म १६०३ च्या सुमाराचा, लंडनमधल्या स्मिथफील्ड भागातला. वडील कापडाच्या धंद्यात. ज्या मैदानात पाखंडी म्हणून माणसं जाळली जात, ते घराजवळच. पोराला लघुलेखन उत्तम यायचं. ते बघून सर एडवर्ड कोक या नामांकित न्यायाधीशानं त्याला स्टार चेंबर नावाच्या दरबारी न्यायालयात टिपणं घ्यायला बसवलं आणि पुढे शाळेतही घातलं. म्हणजे राजसत्ता माणसाला कशी भरडते, ते त्यानं लहान वयात कोपऱ्यात बसून शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. पुढे केंब्रिज, मग पाद्रीपण, १६२९ च्या डिसेंबरात मेरी बर्नार्डशी लग्न. आणि १६३१ च्या फेब्रुवारीत दोघं 'लायन' जहाजातून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली.

बोस्टनच्या चर्चनं त्याला लगेच मानाची जागा देऊ केली. त्यानं ती नाकारली. कारण काय, तर तुम्ही इंग्लंडच्या चर्चशी नातं तोडलेलं नाही, तुम्ही पुरेसे शुद्ध नाही! इथं मी पहिल्यांदा थबकले. माझ्या डोक्यात 'सगळे धर्म सारखेच' म्हणणाऱ्या एखाद्या सौम्य माणसाचं चित्र होतं. हा तर इंग्लंडचं चर्च शुद्ध करायला निघालेल्या प्युरिटनांहून कडक निघाला.

मग सेलम, तिथून प्लिमथ, पुन्हा सेलम. या काळात त्यानं तीन गोष्टी बोलून दाखवल्या आणि तिन्ही अंगावर घेतल्या. एक, ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची आहे, इंग्लंडच्या राजाला ती सनदेनं वाटायचा अधिकार नाही. दोन, ज्याची श्रद्धा नाही त्याच्याकडून देवाच्या नावानं शपथ घेऊ नये. तीन, बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी पहिल्या चार, म्हणजे देव आणि माणूस यांच्यामधल्या, मोडल्या तर शिक्षा करणं हे मॅजिस्ट्रेटचं काम नव्हे. चोरी, खून, मारामारी हे सरकारनं बघावं. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, पाळला की नाही, मूर्ती पुजली की नाही, हे बघायला सरकार कोण?

१६३५ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टानं त्याला हद्दपार केलं. त्याच महिन्यात त्याला मुलगी झाली. नाव ठेवलं फ्रीबॉर्न, म्हणजे जन्मतःच मुक्त.

तो आजारी होता म्हणून वसंतापर्यंत मुदत मिळाली. पण घरात माणसं जमवून तो बोलतच राहिला. तेव्हा त्याला धरून इंग्लंडच्या जहाजावर चढवायचं ठरलं. जानेवारीत शिपाई दाराशी पोचले, तर तो तीन दिवसांपूर्वीच निघून गेलेला. नॅरगॅन्सेट उपसागराकडे जा, असं त्याला गुपचूप कळवणारा होता जॉन विन्थ्रॉप, मॅसॅच्युसेट्सचाच बडा पुढारी. कोर्ट एका बाजूला, मैत्री दुसऱ्या बाजूला. पुढे आयुष्यभर दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

तो बर्फातून निघाला. जवळपास चौतीस वर्षांनी एका पत्रात तो लिहितो, की चौदा आठवडे त्या कडाक्याच्या थंडीत भाकरी म्हणजे काय आणि अंथरूण म्हणजे काय ते कळलं नाही. इथला हिवाळा मी बघते, म्हणून ते वाक्य वाचताना अंगावर काटा आला. त्याला जगवलं वॅम्पनोअग आणि नॅरगॅन्सेट या तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी. त्यांची भाषा तो आधीच शिकू लागला होता. वसंतात सीकाँक नदीच्या पूर्वेला झोपडं उभारलं, पेरणीही केली. तेव्हा प्लिमथहून निरोप आला, की ही आमची हद्द, पलीकडे जा. मग होडीतून नदी ओलांडली. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली, 'व्हॉट चिअर, नेटॉप?' म्हणजे 'काय मित्रा, बरं आहे ना?' असं इथं पिढ्यान्पिढ्या सांगतात. नेटॉप हा नॅरगॅन्सेटांचा शब्द, मित्र या अर्थाचा. 'व्हॉट चिअर' हे शब्द आजही शहराच्या शिक्क्यावर आहेत.

कॅनोनिकस आणि मियँटोनोमी या नॅरगॅन्सेट प्रमुखांनी त्याला जमीन दिली. ही जमीन हजारो-लाखोंच्या पैशानं मिळाली नसती, ती प्रेमानं मिळाली, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. गावाला नाव दिलं प्रॉव्हिडन्स, ईश्वरी कृपा. तिथं राहायला येणाऱ्यांनी करारावर सही करायची, की बहुमताचे निर्णय पाळू. पण करारात तीनच शब्द असे आहेत ज्यांच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला : 'फक्त ऐहिक बाबींपुरते'. देवाबद्दल गाव काही ठरवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. समोरच्याची श्रद्धा त्याला मनापासून चुकीची वाटत होती, आणि तरीही त्या श्रद्धेवर हात टाकायचा हक्क त्यानं कुणालाही दिला नाही. स्वतःलाही नाही. याची उदाहरणं खूप आहेत, प्रतिसादांत देईनच.

---

कोरांटी

सुंदर लिहिलंयस. 'शपथ घेऊ नये' हा मुद्दा मला नीट कळला नाही. श्रद्धा नसलेल्याकडून शपथ घेतली तर बिघडलं काय?

ओढ्याकाठी

@कोरांटी, त्याच्या दृष्टीनं शपथ हीच प्रार्थना. ज्याचं मन त्यात नाही त्याला ती म्हणायला लावली, तर तुम्ही त्याला देवाशी खोटं बोलायला भाग पाडता. बळजबरीच्या पूजेची देवाच्या नाकाला दुर्गंधी येते, असं त्यानं एका पत्रात लिहिलंय. म्हणून त्याची काळजी आधी धर्माची होती. १६४४ साली त्यानं 'चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधलं कुंपण किंवा भिंत' अशी उपमा वापरली. बागेत रान शिरू नये म्हणून भिंत. १८०२ मध्ये जेफरसननं डॅनबरीच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. भिंत मात्र आधी या माणसानं घातली होती.

काळा_कातळ

लेख आवडला, पण 'जमीन प्रेमानं मिळाली' हे वाक्य इंग्रज माणसाचं आहे, हे विसरू नका. ज्यांनी दिली त्यांचं पुढे काय झालं? १६३७ च्या, पीक्वॉट या मूळ रहिवासी जमातीविरुद्धच्या युद्धात नॅरगॅन्सेटांना इंग्रजांच्या बाजूला कुणी वळवलं? विल्यम्सनंच. त्या वर्षी २६ मे रोजी मिस्टिकच्या पीक्वॉट कोटाला आग लावून शेकडो माणसं मारली, त्यात बायका-मुलं होती. युद्धानंतर कैद्यांमधला एक मुलगा विल्यम्सनं स्वतःच्या घरी नोकर म्हणून मागून घेतला. आणि १६७६ साली पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक मुदतीच्या गुलामीत विकण्यासाठी प्रॉव्हिडन्सनं जी समिती नेमली, तिच्यातही त्याचं नाव आहे. हे लेखात का नाही?

ओढ्याकाठी

@काळा_कातळ, तुमचं सगळं खरं आहे, आणि हे मूळ लेखातच यायला हवं होतं. माझी चूक.

पीक्वॉट प्रकरणात तो होता, यात वाद नाही. बोस्टनच्या सांगण्यावरून एकटा छोट्या होडीतून वादळात निघाला आणि नॅरगॅन्सेट प्रमुखाच्या घरी तीन दिवस पीक्वॉट दूतांच्या शेजारी झोपला. त्यांच्या हाताला आपल्या लोकांच्या रक्ताचा वास येत होता, असं त्यानंच लिहिलंय. ज्या बोस्टननं त्याला हाकललं, त्याच बोस्टनसाठी हे सगळं. बायका-मुलांना मारू नका, असंही त्यानं कळवलं होतं. पण ते मिस्टिकला कुणी ऐकलं नाही, आणि मुलगा मागितला तो मागितलाच.

१६७६ चं तर मला फारच लागलं. त्या मार्चच्या २९ तारखेला नॅरगॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यात याचंही घर गेलं. पण त्याच्या तीन महिने आधी, १६७५ च्या डिसेंबरात, इंग्रजी फौजांनी दलदलीतल्या त्यांच्या कोटावर चाल करून म्हाताऱ्या माणसांसकट मुलंबाळं मारली होती. चाळीस वर्षं जोडलेलं नातं असं राखेत गेलं. घर जळालेला सत्तरीतला माणूस त्या समितीत बसला, हे समजून घेता येतं. त्याचं समर्थन मात्र मी करणार नाही.

काळा_कातळ

धन्यवाद. कुणी हे सरळ मान्य केलं की पुढची चर्चा करावीशी वाटते. आणखी एक भर. १६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांनी दहा वर्षांपेक्षा जास्त कुणाला गुलाम ठेवता येणार नाही, असा कायदा केला होता. तो पाळला गेला नाही. अठराव्या शतकात हेच ऱ्होड आयलंड गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठाणं झालं. २०२० साली राज्याच्या अधिकृत नावातून 'प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' हे शब्द मतदारांनी काढून टाकले, त्यामागे हीच सल होती.

भाषावेल्हाळ

या माणसाचं मला सर्वांत भावणारं काम म्हणजे नॅरगॅन्सेट भाषेवरचं पुस्तक. १६४३ मध्ये सनद आणायला इंग्लंडला जाताना जहाजावर लिहिलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये छापलं. बोस्टनला पाऊल ठेवायची बंदी, म्हणून डचांच्या न्यू अ‍ॅम्स्टरडॅमहून जहाज धरावं लागलं होतं!

पुस्तक नुसती शब्दांची यादी नाही. नमस्कार-चमत्कार, जेवण, झोप, पाऊस, पैसा, शिकार, लग्न असे प्रकरणवार संवाद आहेत. एक जागा मी कधी विसरणार नाही. तिथले लोक त्याला वारंवार विचारत, की इंग्रज इथं का येतात? आणि उत्तरही तेच देत : तुमच्याकडे सरपण संपलं असणार. कारण त्यांची स्वतःची रीत तशी होती. एका जागचं लाकूड जाळून संपलं की मुक्काम हलवायचा. समोरचा आपलं घर बळकवायला आला आहे हे मनात यायच्या आधी, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल, हे मनात आलं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

त्यांच्यात भिकारी नाहीत आणि पोरकं मूल वाऱ्यावर सोडलेलं दिसत नाही, हेही त्यानं नोंदवलंय. आणि इंग्रजांना बजावलंय, की जन्माचा आणि रक्ताचा गर्व करू नका, तुमचा हा भाऊ जन्मानं तुमच्याइतकाच चांगला आहे.

ओढ्याकाठी

@भाषावेल्हाळ, वा! आणि याच पुस्तकात तो सांगतो, की त्यांची पूजा एकदा बघितल्यावर पुन्हा बघायला तो धजला नाही, कारण ती सैतानाची पूजा आहे अशी त्याची खात्री होती. तरी ती बंद करा असं तो म्हणाला नाही.

कोरांटी

बायकांचं काय होतं त्या गावात? तेही स्वातंत्र्य पुरुषांपुरतंच असणार.

ओढ्याकाठी

@कोरांटी, मतदान घरवाल्या पुरुषांचंच. पण एक खटला सांगते, ऐक.

१६३८ चा वसंत. गाव जेमतेम दोन वर्षांचं. विल्यम्सच्या अगदी शेजारच्या घरात जोशुआ व्हेरिन राहायचा. प्रार्थनेची बैठक विल्यम्सच्या घरी भरे. व्हेरिन स्वतः जात नसे. त्याला कुणी काही म्हटलं नाही, न जाणं हाही त्याचाच अधिकार. पण त्याची बायको जेन जायची, आणि ते त्याला खपेना. तो तिला इतकं मारायचा, की विल्यम्सनं विन्थ्रॉपला लिहिलेल्या पत्रात तिच्या जिवाला धोका असल्याचं म्हटलंय.

गाव जमलं. विल्यम आर्नल्ड उठून म्हणाला, की सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य मान्य करताना देवाची आज्ञा मोडावी असं मी कधीच म्हटलं नव्हतं, आणि बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं ही देवाचीच आज्ञा आहे. दुसऱ्यानं उत्तर दिलं, की बायकांना अडवलं तर मुलखातल्या सगळ्या बायका आपल्या नावानं ओरडतील. शेवटी ठराव झाला : व्हेरिननं सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला आडकाठी केली, म्हणून त्याचा मताचा हक्क काढून घेतला जातो.

१६३८ मध्ये! तो मारत होता म्हणून वेगळी शिक्षा नाही झाली, याचं वाईट वाटतं. पण बायकोच्या मनालाही स्वतंत्र वाट असू शकते, हे गावानं मत देऊन मान्य केलं. जेनची सुटका मात्र झाली नाही. नवरा तिला घेऊन सेलमला परत गेला. तो तिला दोरानं ओढून नेईल, असे शब्द विल्यम्सच्या पत्रात आहेत. तिचं स्वतःचं एकही वाक्य कुठल्या कागदात उरलेलं नाही.

चौथरा

हे सगळं ठीक, पण प्रत्येकानं 'माझा विवेक सांगत नाही' म्हणत कर भरायचं नाकारलं तर गाव चालणार कसं?

ओढ्याकाठी

@चौथरा, नेमकं हेच झालं होतं. तो वसाहतीचा अध्यक्ष असताना काही जण पहाऱ्याला आणि हत्यार उचलायला नकार देऊ लागले. १६५५ च्या जानेवारीत त्यानं गावाला पत्र लिहिलं. समजा, एक जहाज आहे. त्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि तुर्क, म्हणजे मुसलमान, सगळे बसलेत. जहाजावरच्या प्रार्थनेला कुणालाही बळंच आणू नये, आणि त्यांची त्यांची प्रार्थना करण्यापासूनही अडवू नये. पण जहाजाची दिशा कप्तान ठरवणार. खलाशांनी काम नाकारलं, प्रवाशांनी भाडं दिलं नाही, कुणी बंड केलं, तर त्याला शिक्षा करायचा हक्क कप्तानाला आहेच. सीमारेषा याहून सोप्या शब्दांत मांडलेली मी तरी वाचली नाही.

नगरी

माझं आयुष्य नगरात गेलं, आणि या धाग्याचं एक टोक आमच्याकडे येतं म्हणून लिहितो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. पुढे १८३१ मध्ये मिशनचं काम नगरला सुरू झालं, आणि १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघालं. हे मिशन मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल चर्चचं, म्हणजे विल्यम्सला हाकलणाऱ्या प्युरिटनांच्या वारसदारांचं. हॉल आणि नॉट यांना दीक्षा कुठे मिळाली? १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमला. ज्या गावात विल्यम्स उपदेश करायचा त्याच गावात.

त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेला अडोनिराम जडसन हा प्रॉव्हिडन्सच्या कॉलेजात शिकलेला. तो आणि ल्यूथर राइस कलकत्त्याला पोचल्यावर बॅप्टिस्ट झाले. अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च १६३८ च्या सुमाराला विल्यम्सच्या पुढाकारानंच प्रॉव्हिडन्सला उभं राहिलं होतं. आणि मॅसॅच्युसेट्समधला चर्चसाठीचा कर बंद व्हायला १८३३ उजाडलं. म्हणजे हॉलसाहेब मुंबईत मराठी शिकत होते तेव्हा त्यांच्या मूळ राज्यात विल्यम्सचं म्हणणं अजून पूर्ण मान्य झालेलं नव्हतं.

ओढ्याकाठी

@नगरी, सेलमचा दुवा मला अजिबात ठाऊक नव्हता. फार मोलाची भर घातलीत. त्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो काही महिनेच राहिला. खरं चर्च आज पृथ्वीवर कुठेच उरलेलं नाही, असं त्याचं मत झालं. पुढची चव्वेचाळीस वर्षं तो कुठल्याच चर्चचा नव्हता.

सांजवात

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशी त्याचं भांडण होतं ना? मग धर्मस्वातंत्र्य कसलं?

ओढ्याकाठी

@सांजवात, भांडण होतं आणि कडाक्याचं होतं. क्वेकरांची शिकवण त्याला घातक वाटायची. १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, तो स्वतः वल्ही मारत सुमारे तीस मैलांवर न्यूपोर्टला गेला. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याच्याशी वाद घालायचा होता. फॉक्स आधीच निघून गेला होता, मग त्याच्या तीन अनुयायांशी तीन दिवस न्यूपोर्टला आणि एक दिवस प्रॉव्हिडन्सला वाद झाला. नंतर त्यावर तिखट पुस्तकही लिहिलं.

आता शेजारी काय चाललं होतं ते बघ. मेरी डायर ही क्वेकर बाई हद्दपारी मोडून पुन्हा पुन्हा बोस्टनला गेली, म्हणून १६६० च्या १ जूनला तिला फाशी दिली. शेजारच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडवर दबाव आणला, की तुमच्याकडचे क्वेकर हाकला. ऱ्होड आयलंडनं नकार दिला. न्यूपोर्टला क्वेकर सुखानं राहिले, पुढे गव्हर्नरही झाले. १६५८ च्या आसपास तिथं ज्यू कुटुंबं आली, आणि त्यांचं १७६३ चं टूरो सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आजही उभं आहे.

विल्यम्सनं क्वेकरांविरुद्ध जीभ वापरली, लेखणी वापरली, आणि सत्तरीत दंड मोडेपर्यंत वल्हीही वापरली. तुरुंग आणि फटका कधीच वापरला नाही. मला त्याचा आदर वाटतो तो इथं.

भाषावेल्हाळ

सनदेची गोष्ट राहिली. पहिली १६४४ ची, संसदेकडून. त्याच वर्षी छळाविरुद्धचं त्याचं पुस्तक लंडनमध्ये निघालं आणि संसदेनं ते जाळायचा हुकूम काढला. तोवर सनद घेऊन तो परतीला लागला होता. पुढे १६५१ मध्ये ती सनद वाचवायला पुन्हा इंग्लंडला जावं लागलं, तेव्हा प्रवासखर्चासाठी त्यानं आपली व्यापाराची वखार विकली. त्या मुक्कामात कवी मिल्टनला त्यानं डच शिकवली. १६६३ ची दुसऱ्या चार्ल्सची सनद जॉन क्लार्कनं मिळवली. तिच्यात धर्मस्वातंत्र्याला 'जिवंत प्रयोग' म्हटलंय, आणि तिच्यावर ऱ्होड आयलंडचा कारभार १८४३ पर्यंत चालला.

सांजवात

त्याचं थडगं आहे का तिथं?

ओढ्याकाठी

@सांजवात, तो १६८३ च्या सुरुवातीला गेला. नक्की तारीख कुणी टिपून ठेवली नाही. घरामागच्या जमिनीत पुरलं. १८६० साली अवशेष शोधायला खणलं, तर हाडं जवळजवळ नव्हतीच. शेजारच्या सफरचंदाच्या झाडाचं मूळ तिथं शिरलेलं होतं. ते मूळ इथल्या इतिहास संस्थेनं जपून ठेवलंय, मी पाहिलंय. पाठीच्या कण्यासारखं खाली येतं, कमरेशी दोन फाटे फुटतात, गुडघ्याशी वाकतं आणि पावलांशी वर वळतं. त्याचा खरा चेहरा दाखवणारं एकही चित्र उपलब्ध नाही, पुतळे सगळे कल्पनेचे. मॅसॅच्युसेट्सनं हद्दपारीचा हुकूम १९३६ मध्ये मागे घेतला, तीनशे वर्षं उलटून गेल्यावर.

शेवटच्या काळातलं एक पत्र आहे, १६८२ च्या मे महिन्यातलं. दोन्ही पाय अधू झालेत, पोटाचं दुखणं आहे. शेकोटीशी बसून त्यानं एक काम केलंय : नॅरगॅन्सेटच्या मुलखात विखुरलेल्या इंग्रजांना भेटायला तो पायपीट करून जायचा, तेव्हा त्यांच्याशी जे बोलला ते आठवून आठवून लिहून काढलंय. छपाईला पैसे नाहीत. म्हणून मदतीसाठी त्यानं पत्र लिहिलं सायमन ब्रॅडस्ट्रीटला. हा तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. ते पुस्तक छापलं गेलं नाही.